दोन हिवाळे अंगावर

ताज्या बीव्हरला भाव नसतो.
सहा-सात कातडी जोडायची, हरणाच्या तातीने शिवायची,
लोकर आत, कातडं बाहेर,
आणि कुणीतरी तो कोट घालून दोन हिवाळे जगायचं.
घामाने, चरबीने, झोपेत कूस बदलण्याने
वरचे राठ केस झडून जातात,
उरते ती मऊ, तुपकट लव.
तिच्याच टोप्या होतात म्हणे समुद्रापलीकडे.
"म्हणजे अंगाची ऊब विकायची," मी म्हटलं.
"तिलाच तर दुप्पट भाव," झेर्वे म्हणाला.

आमची भाषा त्याला येत होती, पण लंगडी.
आमच्यात पातेलं जिवंत असतं, चिलीम जिवंत असते,
त्यांना जिवंताचीच क्रियापदं लागतात.
तो चिलमीबद्दल असं बोलायचा
जणू ती रिकामी पिशवी.
माझ्या बहिणी हसून लोळायच्या.
आणि वाट मोजायचा तीही चिलमींनीच:
धबधबा इथून तीन चिलमा, माझ्या आईचा तळ अकरा,
माँट्रियल...
तो बोटं मोजायला घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

गव्हर्नरचा परवाना त्याच्याकडे नव्हता.
पहिल्यांदा सापडला तर फटके आणि खांद्यावर डाग,
दुसऱ्यांदा राजाच्या गलबतावर वल्ही, जन्मभर.
"वल्हं तर इथेही मारतोच," तो म्हणायचा,
"पण इथे साखळी नाही, आणि रात्री तू आहेस."
गोड बोलणं.
गोड बोलण्यालाही वजन असतं,
कपाळाच्या पट्ट्यावर तोललेल्या गाठोड्यासारखं;
वाट चढणीला लागली की कळतं.

तर मी जगले त्या कोटात.
त्यातच लाकडं फोडली,
त्यातच बर्फाच्या भोकातून मासे ओढले,
त्यातच कळा आल्या. मावशी म्हणाली, काढ आता तो.
मी काढला नाही.
मुलीच्या डोक्याचा पहिला ओलावा डाव्या बाहीत मुरला.
त्याने तिचं नाव पेरिन ठेवलं.
माझ्या आजीने दुसरं ठेवलं, ते मी परक्यांना सांगत नाही.

दुसरा हिवाळा सरला,
होडीच्या भेगा डिंकाने लिंपून झाल्या,
आणि त्याने हात पुढे केला.
मी कोट काढून दिला.
तळ्यावरून वारा आला तेव्हा
मला पहिल्यांदा बीव्हरचं कळलं.
मोबदला घरात आधीच आला होता:
तांब्याचं पातेलं, सात सुया, लाल घोंगडी.
घोंगडी उबदार होती.
तिला कुणाचाच वास नव्हता.

तो त्या शरदात आला नाही.
पुढच्या वसंतात त्याचा जोडीदार मातुरँ आला,
दारात तंबाखू ठेवला, पेरिनकडे पाहिलं,
माझ्याकडे न पाहता गेला.
आई म्हणाली, केस काप.
मी म्हटलं, सुरी सापडत नाही.
सुरी माझ्या कमरेलाच होती, तिलाही दिसत होती.

मग पानगळ संपताना एक माणूस चालत आला.
होडी नाही, बंदूक नाही, दाढीत बर्फाचे खडे,
आणि अंगावर माझा कोट.

"गोदामं फुटायला आलीत," तो म्हणाला.
"आढ्यापर्यंत कातडी. कसर लागलीय. कुत्रं विचारत नाही.
तिकडे टोप्यांचे काठच अरुंद झाले म्हणे या साली."
शिपाई मागावर होते. होडी खडकावर फुटली.
सगळा हिवाळा त्याने एका पडलेल्या झाडाच्या पोटात काढला,
खारवलेल्या कातड्याचे तुकडे चघळत.
हे सगळं तो आमच्या भाषेत सांगत होता,
आणि चिलीम या वेळी नीट बोलला, पातेलंही.
मग म्हणाला, कोटाने मला वाचवलं.

कोट आमच्यात निर्जीव असतो.
त्याने क्रियापद जिवंताचं लावलं.
बहिणी लगेच हसल्या.
मी दुरुस्त केलं नाही.

डाव्या बाहीची शिवण उसवली होती.
सातांतली एक सुई अजून शिल्लक असायला हवी,
ती शोधायला मी उठले.